आईच्या जागेवरून

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशातली लेक माहेरी येते, मग ऊन कितीही असो. अमळनेरात त्या दिवसांत पारा ४४-४५ पर्यंत जातो, बोरी नदीचं पात्र वाळून पांढरं पडतं, डांबर पायाला चिकटतं. तरी स्टॅंडवर एसटी थांबली की डोक्यावरून पदर घेतलेल्या बाया पोरांना ओढत उतरतातच. घरी घागर भरलेली असते, त्यात पितरांचं पाणी असतं, सांजोऱ्यांचा वास आलेला असतो. झोके आता पूर्वीसारखे गल्लोगल्ली दिसत नाहीत, पण ज्या लिंबावर आम्ही झोका बांधायचो तो लिंब अजून आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या आखाजीला मी घरात शिरले तेव्हा समोरच्या भिंतीवर पंचावन्न इंचांचा टीव्ही लागलेला होता. भावाने आणि मी मिळून तो नाना-आईला घेऊन दिला होता. आधीचा एकवीस इंची डबा वीस वर्षं चालला. नव्याची रुंदी चार फूट, उंची सव्वादोन फूट. जुन्याच्या मानाने पडदा सहापट. दुकानातून पोरगा येऊन बसवून गेला. मी तेव्हा पुण्यात होते, फोनवर फोटो बघून खूश झाले होते.

प्रत्यक्षात बघितलं ते असं. टीव्ही दाराच्या चौकटीइतका उंच लावलेला, पूर्वजांच्या तसबिरी लावतात तसा. नाना दिवाणावर मान वर करून क्रिकेट बघत होते. मैदानातलं गवत पोपटाच्या पाठीसारखं हिरवं, खेळाडूंचे चेहरे तांबडे. मॅच बघताना ते मधूनमधून मानेमागे हात फिरवत होते. आणि आई तिच्या नेहमीच्या जागी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर, सुपात तूर घेऊन. तिथून टीव्ही फार तिरका दिसतो.

"तुला नीट दिसतं का गं इथून?"

"दिसतं ना," ती म्हणाली. मग सुपातला खडा वेचून बाजूला टाकत पुढे म्हणाली, "पन तो काय बोली ऱ्हायना, काईच समजत नही."

सहा महिने झाले होते टीव्ही येऊन. सहा महिने ती रोज संध्याकाळी मालिका बघत होती आणि तिला बोलणं कळत नव्हतं. तक्रार तिने केली नाही; विचारलं म्हणून सांगितलं. मला ते फार लागलं.

त्या रात्री सगळे गच्चीवर झोपायला गेल्यावर मी तिच्या पाटावर जाऊन बसले आणि टीव्ही लावला. तिथून चेहरे फिके दिसत होते, काळ्या रंगाचा राखाडी झाला होता. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात देवघरातल्या झिरोच्या बल्बचा लाल ठिपका पडला होता. आणि डाव्या कानाशी कूलर. एखाद्या टीव्हीत काय कमी आहे हे जाणून घ्यायचं असेल तर घरातल्या सगळ्यात अडचणीच्या जागेवरून तो बघावा, असं माझं तेव्हापासून ठाम मत झालं. आमच्याकडे ती जागा आईची आहे. बहुतेक घरांत तशीच असावी. पुढच्या दोन वर्षांत मी त्या टीव्हीला जे जे केलं ते त्या पाटावरून बघून केलं.

पहिलं काम उंचीचं. सुताराला बोलावून टीव्ही खाली घेतला. बसल्यावर आपली नजर सरळ जिथे जाते, तिथे पडद्याचा मध्य असावा. दिवाणावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साडेतीन-पावणेचार फुटांवर असतात, खाली सतरंजीवर बसलेल्याचे अडीच फुटांवर. आमच्याकडे दोन्ही तऱ्हेने बसतात, म्हणून मध्य सव्वातीन फुटांवर ठेवला. भिंतीला चिकटलेली पट्टी काढून हात असलेला, फिरता ब्रॅकेट बसवला. कारण पडद्यांच्याही जाती असतात. एका जातीत काळा रंग खोल उमटतो पण बाजूने बघितलं की रंग उडतात. दुसरीत बाजूनेही रंग टिकतात पण काळा तितका काळा होत नाही. आमचा पहिल्या जातीचा निघाला. आता संध्याकाळी तो उंबऱ्याकडे वीसेक अंश वळवतात आणि नानांची मॅच असली की सरळ करतात. वळवल्याबरोबर देवघरातला लाल ठिपकाही पडद्यावरून गेला. बल्ब काढायचा विषय मी काढलाच नव्हता.

दिवाण नऊ फुटांवर होता, तो सातवर आणला. नाना म्हणाले, "जवळून बघितलं तर डोळे जातात." हे आपण सगळेच ऐकत मोठे झालो. पण पडद्याच्या कर्णाच्या सव्वापट ते दीडपटीहून थोडं जास्त, एवढं अंतर थिएटरसारखा अनुभव देतं. पंचावन्न इंचाला ते पावणेसहा ते सव्वासात फूट होतं. त्याहून लांब गेलं की बारकावे डोळ्याला वेगळे दिसतच नाहीत, आणि मग त्या ठिपक्यांचे पैसे कशाला दिले? फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६० असे जवळजवळ ८३ लाख ठिपके असतात. नऊ फुटांवरून नानांना त्यातले निम्मेही लाभत नव्हते.

पण खरी गोष्ट पुढे होती. दिवाण जवळ आणल्यावर चित्र आणखी वाईट दिसायला लागलं. चेहऱ्यांच्या कडा दातेरी, खालून सरकणारी बातम्यांची अक्षरं पाण्यात भिजल्यासारखी. मी टीव्हीच्या मागे हात घातला तर केबलच्या डब्यातून तीन वायरी आलेल्या: लाल, पांढरी, पिवळी. जुन्या टीव्हीच्याच. बसवणाऱ्या पोराने त्या तशाच नव्या टीव्हीला खोचून दिल्या होत्या. त्या एका पिवळ्या वायरीतून जास्तीत जास्त ५७६ रेषांचं चित्र येतं, म्हणजे ठिपके मोजले तर सव्वाचार लाखांच्या आत. टीव्ही एकेका ठिपक्याच्या माहितीवर वीस ठिपके रंगवत होता. घरचा गहू मूठभर आणि परात भरून चपात्या करायच्या, असं काहीसं.

चित्र-आवाज एकत्र नेणारी एचडीएमआयची वायर आणली, डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन १०८० रेषांचं चित्र निवडलं, आणि जे दोन-तीन चॅनल रोज बघितले जातात त्यांचे एचडी घेतले. सगळे घ्यायची गरज नाही. नानांचं क्रिकेट, आईच्या मालिकांचं एक मराठी, बस. तुमच्याकडे मोठा टीव्ही असेल तर हे वाचून झाल्यावर उठून त्याच्या पाठीमागे बघा. माझ्या माहितीतल्या चार घरांत पिवळी वायर सापडली. इंटरनेटवरून बघणाऱ्यांची अशीच गल्लत होते: नेटफ्लिक्सच्या म्हणण्यानुसार फुल एचडीला इंटरनेटचा वेग ५ एमबीपीएस पुरतो, फोर-केला १५ लागतो. शिवाय आपण भरतो तो प्लॅन त्या दर्जाचा आहे का, हेही बघावं लागतं. घरातला वायफाय दोन भिंतींपलीकडे अशक्त होतो. आमच्याकडे दहा मीटरची वायर सरळ टीव्हीपर्यंत नेली आणि चित्र मधेच धूसर व्हायचं थांबलं.

रंगांचं प्रकरण नानांच्या डोळ्यांशी जोडलेलं आहे, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

टीव्ही कारखान्यातून येतो तो दुकानात उठून दिसायला. तिथे वर ट्यूबलाइटचा झगमगाट असतो, शेजारी दहा टीव्ही असतात, म्हणून चित्र भडक आणि निळसर ठेवतात. त्या सेटिंगला व्हिव्हिड किंवा डायनॅमिक म्हणतात. घरी आल्यावर ते बदलायचं असतं, हे सांगत कुणी नाही. मी पहिल्या आखाजीला सिनेमा मोड लावला तर नाना नाराज झाले. "पिवळं पडलं सगळं. पहिलं होतं तेच कर." मी केलं. त्यांचा टीव्ही, त्यांचे डोळे.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डोळ्यातलं भिंग वयाने पिवळट होत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. माणसाला ते कळत नाही, कारण ते हळूहळू होतं. पुढच्या माघात दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, नवी स्वच्छ भिंगं बसली. पट्टी काढल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आकाशाचा रंग सांगत होते, आईच्या जुन्या लुगड्याचा रंग सांगत होते. आणि मग म्हणाले, "टीव्ही लई निळा दिसतो गं माय. बिघडला का?" टीव्ही तोच होता. मी फोनवरून एकेक बटण सांगत गेले आणि तो सिनेमा मोडवर आला, रंगाची ऊब 'वॉर्म'वर आली. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "हां. माणसं माणसांसारखी दिसायला लागली." ज्या रंगावर चित्रपट आणि मालिका तयार होतात त्या पांढऱ्याचं माप ६५०० केल्विन ठरलेलं आहे, आणि बहुतेक टीव्हींत त्याच्या जवळ जाणारं सेटिंग हे 'वॉर्म'च असतं. पहिले दोन दिवस ते पिवळं वाटतं. नंतर डोळा बसतो, आणि मग जुनं लावून बघितलं तर माणसं गारठलेली दिसतात.

नाना ब्राइटनेस वाढवायचे आणि सगळं धुरकट व्हायचं. ते बटण उजेडाचं नाही, काळ्या रंगाचं आहे. ते वाढवलं की काळा राखाडी होतो, कमी केलं की काळ्या कोटावरच्या घड्या, रात्रीच्या शेतातली झाडं बुडून जातात. उजेड हवा असेल तर बॅकलाइट नावाचं वेगळं बटण असतं. दुपारी वर, रात्री खाली. शार्पनेस मी जवळजवळ शून्यावर आणला. त्याने चित्र स्वच्छ होत नाही, कडांभोवती पांढरी रेघ तेवढी उमटते. आणि चित्राची हालचाल गुळगुळीत करणारी जी सोय असते, तिला प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते, ती चित्रपट बघताना बंद करावी. बोलपट आल्यापासून चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी चालतो. टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनाने रचून भरतो आणि मग चांगला चित्रपटही मालिकेच्या सेटवर शूट केल्यासारखा दिसतो. चित्रपट करणाऱ्यांनी याविरुद्ध बराच आग्रह धरला, म्हणून २०२० पासून काही टीव्हींत 'फिल्ममेकर मोड' नावाचं एक बटण आलं. ते दाबलं की ही सगळी ढवळाढवळ एकदम बंद होते. क्रिकेटला हे लागू नाही. तिथे चेंडू पळतो, ती सोय थोडी चालू राहिली तरी खपतं.

आता अंधाराबद्दल. चांगल्या चित्राला अंधार लागतो, आणि आमच्या नव्या घरात तो नव्हता.

अमळनेरचं हे घर स्लॅबचं आहे. पश्चिमेला मोठी सरकती काचेची खिडकी, जमिनीवर चकाकणारी फरशी, भिंतींना ऑइलपेंट. दुपारी तीननंतर पडद्यावर खिडकीच दिसते. पण बारा किलोमीटरवर गावात आमचं जुनं धाब्याचं घर अजून उभं आहे. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर पांढऱ्या मातीचं धाबं, मधल्या घराला एकच गवाक्ष. मेमध्ये दुपारी बारा वाजता दार लोटलं की आत संध्याकाळ होते आणि माठातल्या पाण्यासारखा गारवा असतो. लहानपणी आम्हाला त्या अंधाराची भीती वाटायची. आता वाटतं, मोठ्या पडद्यासाठी याहून योग्य खोली मला कुठल्या बंगल्यात दिसली नाही. उजेड नाही, उष्मा नाही, आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर, मातीच्या भिंतींवर आवाज तेवढा आदळून परत येत नाही.

त्याच घरासमोरच्या ओट्यावर १९८७ च्या जानेवारीत रामायण सुरू झालं तेव्हा गावातला पहिला टीव्ही ठेवला गेला होता, असं नाना सांगतात. लाकडी कपाटातला, दोन बाजूंनी सरकणाऱ्या शटरचा, कृष्णधवल. देशात रंगीत प्रक्षेपण १९८२ लाच सुरू झालेलं होतं, पण आमच्या गावाला रंग बघायला आणखी बरीच वर्षं थांबावं लागलं. वीस इंची पडद्यासमोर शंभरेक माणसं बसायची. शेवटच्या रांगेला राम कुठला आणि लक्ष्मण कुठला हे दिसत नसे, ते ओळखत आवाजावरून. नाना त्याच्याही आधीची, यात्रेतल्या तंबूतल्या सिनेमाची गोष्ट सांगतात: पडदा कापडी, म्हणून ज्यांना समोर जागा नाही ते मागून बसत आणि चित्र उलटं बघत. डावखुरा नायक त्यांना उजव्या हाताने तलवार चालवताना दिसे. तरी गोष्ट तीच, रडणं तेच. मोठा पडदा म्हणजे काय हे त्या पिढीला माझ्याहून चांगलं कळतं असं मला हे ऐकताना नेहमी वाटतं. त्यांच्यासाठी मोठेपणा इंचांत नव्हता, किती माणसं मावली यात होता.

तर नव्या घरात जुन्या घराचा अंधार आणायचा होता. पश्चिमेच्या खिडकीला जाड, आतून अस्तर लावलेला पडदा शिवून घेतला. दुपारी उन्हासाठी तसंही खान्देशात घर बंद करतात; आता ते पूर्ण बंद होतं. रात्री मिट्ट काळोखात मात्र नानांचे डोळे दुखायचे, म्हणून टीव्हीच्या मागे भिंतीवर पडेल असा एक मंद दिवा लावला. पडद्यावर त्याचा उजेड येत नाही, पण बुबुळांना आधार मिळतो आणि काळा रंग आणखी काळा वाटतो.

राहिला आवाज. आईचं दुखणं तेच होतं आणि त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला.

टीव्ही जसजसे पातळ झाले तसतसा स्पीकरला जागाच उरली नाही. पूर्वी डब्याच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना स्पीकर असत, आवाज समोर यायचा. आता ते खालच्या कडेला असतात आणि आवाज जमिनीकडे किंवा भिंतीकडे सोडतात. तो चकचकीत फरशीवर आपटतो, स्लॅबवर जातो, परत येतो. त्यात कूलर. मेमध्ये कूलर बंद ठेवा असं खान्देशात कुणाला सांगता येत नाही. आणि कूलर कुठला आवाज खातो? स, श, त, क, फ, थ. नुसता श्वास आणि जिभेचा स्पर्श असलेली ही व्यंजनं मुळातच हलकी असतात. वय झालं की कानांतून आधी हेच उंच पट्टीतले आवाज जातात. म्हणून आईला 'आवाज येतो पण समजत नाही'. तिला स्वर पोचत होते, शब्द पोचत नव्हते. घरातले सगळे तिला म्हणायचे, आवाज वाढवू का? वाढवल्यावर संगीत आणि ढोल वाढायचे, शब्द तिथेच. आणि मग तीच म्हणायची, कमी करा, कान फुटतात. म्हाताऱ्या माणसाला 'बहिरी झाली' म्हणण्याआधी त्या खोलीतला आवाज एकदा तपासून बघा, एवढी माझी विनवणी आहे.

साउंडबार घेतला, म्हणजे टीव्हीपुढे ठेवायची स्पीकरची लांब पट्टी. मोठ्या नावाचा नाही, पण तीन गोष्टी बघून: संवादासाठी मधला वेगळा स्पीकर असलेला, तोंड समोर असलेला, आणि रिमोटवर बोलणं तेवढं उचलणारं बटण असलेला. चित्रपटांत आणि चांगल्या मालिकांत संवाद बहुधा या मधल्या वाटेवरच ठेवलेले असतात. फक्त दोन स्पीकर असले की ते बाकीच्या गोंगाटात मिसळून जातात. साउंडबारची वायर टीव्हीच्या ज्या एचडीएमआयच्या खाचेवर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेलं असतं त्यातच लावावी लागते, कारण टीव्हीचा आवाज तिथूनच बाहेर पडतो, दुसऱ्यात आवाज येत नाही. हे शोधण्यात माझी एक संध्याकाळ गेली. ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचे, तेही सेटिंगमध्ये एका आकड्याने जुळलं. रात्रीचा मोड लावला की दबकं बोलणं वर येतं आणि स्फोट खाली जातात. मराठी सबटायटल असतील तिथे ती चालू केली. आई चौथी शिकलेली आहे, हळू वाचते, पण अर्धा शब्द कानाने आणि अर्धा डोळ्याने असं तिचं जमतं.

मग खोली. टीव्हीच्या समोरच्या भिंतीवर मी तिच्याच हातच्या दोन जुन्या गोधड्या टांगल्या. जुनी लुगडी, नानांची धोतरं, आमचे फ्रॉक शिवून केलेल्या. त्या आवाज पितात. खाली सतरंजी पसरली. कूलर डाव्या खिडकीतून काढून मागच्या खोलीच्या दारात नेला. वारा येतो, घरघर तिथेच राहते. सगळं झाल्यावर मी तिला पाटावर बसवलं आणि तिची मालिका लावली. पाचेक मिनिटांनी ती म्हणाली, "ही बाई खोटं बोलते आहे." इतके दिवस तिला ती बाई कोण हेच माहीत नव्हतं.

काय बघावं याबद्दल माझं मत फार थोडं आहे. मोठ्या पडद्याला साजेल असं रोज लागत नाही. पण महिन्यातून एकदा तरी असं काही लावावं जे लहान पडद्यावर दिसतच नाही. अजिंठा आमच्यापासून जेमतेम सव्वाशे किलोमीटर. नाना आयुष्यात दोनदा गेले, दोन्ही वेळा लेण्यांतल्या मंद उजेडात आणि गर्दीच्या रेट्यात भिंतीवर रंगवलेला पद्मपाणी बोधिसत्त्व पुरता बघता आला नाही. एका दुपारी त्या चित्रांचे उच्च दर्जाचे फोटो टीव्हीवर लावले. खोलीत पूर्ण अंधार केला. नाना उठून पडद्यापासून तीन फुटांवर गेले आणि त्याच्या हातातल्या निळ्या कमळाकडे बघत उभे राहिले. नव्या भिंगांतून ते निळं त्यांना मिळालं, याचं मला फार समाधान आहे. शिवाय आमच्याकडे अहिराणी गाण्यांचे आणि नाटुकल्यांचे व्हिडिओ लागतात. मोबाइलवर शूट केलेले, काही उभे, पडद्याचा मधला तुकडाच भरणारे. त्यांना फोर-केचा काही उपयोग नाही. पण आपली बोली एवढ्या मोठ्या पडद्यावरून ऐकताना नानांचा चेहरा बघावा.

आणि यंदाची आखाजी.

शिरपूरच्या मावशीच्या लग्नाची कॅसेट तिच्या मुलाने धुळ्यात पेनड्राइव्हवर करून आणली होती. लग्न १९९४ चं. दुपारी जेवणं झाली, रस-पुरणपोळी सगळ्यांच्या अंगावर आली होती, घर बंद करून सगळे सतरंजीवर लवंडले. मावशीचा मुलगा पेनड्राइव्ह लावतो म्हणाला. मला धाकधूक होती. व्हीएचएसच्या फितीत मुळात २४० रेषांच्या आसपासच तपशील असतो, आणि तीस वर्षांत ती फीत किती वेळा ओलावली असेल. चित्र आलं ते पडदाभर ताणलेलं, मांडवातली सगळी माणसं एक तृतीयांशाने रुंद झालेली. मी ते जुन्या टीव्हीच्या चार-तीनच्या चौकोनात आणलं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू दिल्या. शार्पनेस पूर्ण शून्य. सगळ्यांना भिंतीपर्यंत मागे सरकवलं, कारण कमी तपशिलाचं चित्र लांबूनच बांधलं जातं. मग चेहरे सापडायला लागले. काळ्या मिशांचे नाना सापडले. मांडवाच्या खांबाला धरून उभी फ्रॉकमधली मी सापडले. आजी मात्र सापडेना. ती गेली १९९९ ला, आणि तिचा एकही चांगला फोटो घरात नाही. हळदीच्या गर्दीत कॅमेरा एकदा तिच्यावरून गेला असेल, पण डोईवरून पदर खाली ओढलेल्या सात-आठ बायांत ती कुठली, हे मावशीलाही सांगता येईना.

त्या काळच्या लग्नाच्या कॅसेटवर आवाज नसायचाच. वरून चित्रपटाची गाणी टाकलेली असत. एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या मधे कुठेतरी जोडणाऱ्याने जागा मोकळी सोडली होती, अर्ध्या मिनिटाची असेल. तिथे मांडवातला खरा आवाज राहून गेला होता. भांड्यांचा, कुणीतरी पोराला हाक मारल्याचा, आणि मागे हळदीचं गाणं म्हणणाऱ्या बायांचा. त्यांत एक आवाज बाकीच्यांच्या थोडा मागून यायचा आणि ओळीच्या शेवटी एकटाच उरायचा.

आई उंबऱ्यावर होती, सांजोऱ्यांचं उरलेलं सारण डब्यात भरत. तिची पाठ होती टीव्हीकडे. तिचा हात थांबला.

"हाऊ मनी मायना आवाज शे," ती म्हणाली.

तोवर पुढचं गाणं सुरू झालं होतं. ती उठली, हात पदराला पुसत सगळ्यांना ओलांडून आली आणि साउंडबारच्या पुढ्यात जमिनीवर बसली.

"परत लाव बरं."